पांढऱ्या जिन्यावरची काठी

काठीला स्वतःचा आवाज नसतो. तो तिला जमिनीकडून उसना घ्यावा लागतो, नाहीतर कुणाच्या तरी हाडाकडून. मी दोन्हीकडून घेतला. आज पहिल्यांदाच माझं मी बोलते आहे, तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या.

हॉलिवूडच्या एका स्टुडिओतल्या सुतारखान्यात १९३५ साली माझा जन्म झाला. त्या आठवड्यात तिथे आम्ही एकोणपन्नास काठ्या तयार झालो. अठ्ठेचाळीस नाचणाऱ्या मुलींसाठी अठ्ठेचाळीस आणि एक जादा. नाचाची काठी म्हणजे हलकी, काळी कुळकुळीत, बोटांत फिरवली की पंख्यासारखी गरगरणारी. मी निघाले जड आणि जाड. सुताराने मला हातात तोलून पाहिलं नि तोंड वाकडं केलं.

"ही पोरींच्या हातात नाही शोभायची," तो म्हणाला. "हिने खेचरं हाकावीत."

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. बुटका, रुंद खांद्यांचा, केस तेल लावून मागे चापून बसवलेले. तो ऑगस्ट ब्रेनर. गाण्यावरच्या नाचाचा जो मोठा प्रसंग असतो, ज्याच्यासाठी माणसं तिकीट काढतात आणि शीळ घालत घरी जातात, तो प्रसंग बसवणारा माणूस. त्याने कोपऱ्यातून मला उचललं, फरशीवर एकदा आपटलं आणि मान तिरकी करून ऐकलं.

"हिच्या टोकाला लोखंड बसव," तो सुताराला म्हणाला. "ही माझी."

पहिले दहा दिवस माझ्यासारखी सुखी मीच. तालमीच्या मोठ्या लाकडी जमिनीवर ब्रेनर उंच स्टुलावर बसायचा आणि मला आपटून ताल द्यायचा. पाच, सहा, सात, आठ. समोर अठ्ठेचाळीस मुली, त्यांच्या बुटांच्या तळव्यांना धातूचे पत्रे. मी एक टोला द्यावा आणि शहाण्णव पायांनी एकदम उत्तर द्यावं! मला वाटायचं, हा सगळा नाच माझ्याच पोटातून निघतोय. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

अकराव्या दिवशी ओपल हेन्ड्रिक्सचा पाय अर्ध्या मात्रेने मागे पडला.

ओपल ओक्लाहोमाची. तिकडे धुळीच्या वादळांनी शेतं गिळली, तेव्हा म्हाताऱ्या आईला घेऊन इकडे आलेली. उंच, नाकावर ठिपके, हसली की एका गालाला खळी. ब्रेनर स्टुलावरून उतरला आणि मोजणं न थांबवता तिच्यापर्यंत चालत गेला. "पाच," तो म्हणाला. "सहा." आणि "सात"ला मी ओपलच्या नडगीवर होते. "आठ"ला तो पुढे निघालासुद्धा होता. त्याने तो फटका तालात मोजून घेतला होता.

ओपल हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती दात दाखवून हसत होती, कारण नियमच तसा होता.

"पाय तुमचे, हसू माझं," ब्रेनर मुलींना सांगायचा. "पाय मोडला तर दुसरा आणू. हसू ढळलं तर फाटक तिकडे आहे."

त्यानंतर रोज. कुणाच्या पोटरीवर, कुणाच्या घोट्यावर. कधी तो माझं लोखंडी टोक नुसतं टोचायचा, मांडीत, खोलवर. तिथे गोल डाग उठायचा. रंगभूषेची बाई सकाळी ओला स्पंज आणि रंगाचा डबा घेऊन बसायची आणि एकामागून एक पाय रंगवायची. निळं झाकलं जायचं, हिरवं झाकलं जायचं. कॅमेऱ्यासमोर सगळे पाय दुधासारखे.

दुपारच्या सुट्टीत ब्रेनर मला दाराशी टेकवून जेवायला जायचा. त्या दाराच्या पायरीवर ओपल आणि इनेझ बारागान डबा खायला बसायच्या. इनेझ रांगेत ओपलच्या शेजारची. बॉईल हाइट्स या कामगारवस्तीतली मेक्सिकन मुलगी, बाप खाटीकखान्यात कामाला. तोंडाने फाटकी. ब्रेनरला तिने "टोलेबुवा" असं नाव ठेवलं होतं.

"अगं, डॉक्टरला दाखव तरी तो पाय," इनेझ म्हणाली. "भोपळ्यासारखा सुजलाय."

"दाखवला तर तो म्हणेल घरी बस. घरी बसले की जागा गेली. फाटकाबाहेर रोज किती जणी उभ्या असतात, बघितल्यास ना?"

"माझ्यावर उचलू दे त्या टोलेबुवाला काठी. मोडून त्याच्या घशात घालते की नाही बघ."

ओपलने पावाचा तुकडा मोडला आणि हळूच म्हणाली, "काल उचललीच की तुझ्यावर. काय केलंस? हसलीस."

 इनेझने मक्याच्या पानात उकडलेला आपला अर्धा तमाल ओपलच्या डब्यात ठेवला आणि दुसरीकडे बघत बसली.

आणखी एक माणूस त्या नाचाचा धनी होता, पण त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. एलायजा पेटिग्रू. काळा माणूस, पन्नाशीचा, लांब पायांचा. तो मागच्या फाटकाने, कचऱ्याच्या पिंपांजवळून आत यायचा. मुली यायच्या आधी सकाळी सात वाजता तो ब्रेनरला पावलं दाखवायचा. काय पाय होते त्या माणसाचे! जमीन त्याच्याशी गप्पा मारायची. ब्रेनर ती पावलं वहीत उतरवून घ्यायचा आणि नऊ वाजता मुलींना म्हणायचा, "काल मला एक नवीन सुचलं."

मग जिना आला.

साठ पायऱ्यांचा, दोन मजले उंच, पांढराशुभ्र. सात हात रंग देऊन असा घोटलेला की आरशासारखं तोंड दिसावं. कठडा नाही, कारण कठड्याने चित्र बिघडतं. आणि मुलींनी त्यावरून उलट्या, पाठमोऱ्या, नाचत खाली यायचं.

एलायजाने वाकून एका पायरीवरून तळहात फिरवला.

"मिस्टर ब्रेनर, यावर राळेची पूड टाकावी लागेल. धातूचा बूट यावर ठरायचा नाही."

"पूड टाकली की चमक जाते."

"नाही टाकली तर मुली जातील."

"पावलं शिकवायला बोलावलंय तुला. अक्कल नाही."

"पावलं माझी आहेत, म्हणूनच सांगतोय. माझ्या पावलांवर कुणी मरायला नको."

मी हवेत कधी उचलली गेले मलाही कळलं नाही. मी एलायजाच्या तोंडावर आडवी बसले. दात तुटल्याचा आवाज हा ओठांच्या आतून येतो, बाहेर फारसा ऐकू येत नाही. मला मात्र आला. पांढऱ्या पायरीवर रक्ताचे चार-पाच थेंब पडले, आणि त्यांच्यात दोन दात.

एलायजाच्या मुठी वळल्या. त्याच्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या उभ्या राहिल्या. एका ठोशात त्याने ब्रेनरला आडवा केला असता. पण त्या काळी त्या गावात काळ्या माणसाने गोऱ्यावर हात उचलला, तर तो पुन्हा घरी पोचेल याची खात्री नसे. हळूहळू त्याची बोटं उघडली. त्याने खाली बसून आपले दोन्ही दात शोधले, रुमालात गुंडाळून खिशात टाकले.

"वरून चाळिसाव्या पायरीवर गिरकी आहे," तो रक्त गिळत म्हणाला. "निदान तिथे तरी टाका."

आणि मागच्या फाटकाने निघून गेला. ब्रेनरने झाडूवाल्याला बोलावून पायरी पुसून घेतली. मलाही पुसलं. पूड टाकली नाही.

चित्रीकरणाचा दिवस मार्चमधला होता. डोक्यावर शेकडो दिवे, खाली भट्टी. गाणं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं, भोंग्यांतून वाजत होतं, आणि गाणंही असं खट्याळ, आनंदी, की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी. सतरा वेळा मुली ते साठ पायऱ्यांचे डोंगर उतरल्या. सतरा वेळा काहीतरी चुकलं. कुणाची टोपी, कुणाची मान, दोनदा नायिकेला शिंक आली. मुलींच्या पायांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तो घाम पायऱ्यांवर ठिबकत होता.

"मिस्टर ब्रेनर," इनेझ वरून ओरडली, "पायऱ्या ओल्या झाल्यात! पुसून घ्या ना!"

"आपापल्या जागेवर!" ब्रेनरने मला आपटलं. "अठरावी वेळ! हसा!"

चाळिसाव्या पायरीवर ओपलने गिरकी घेतली आणि तिच्या उजव्या बुटाखालून पायरी निघून गेली. ती मागच्या मागे पडली. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं, मग पुढच्या कडेवर, मग त्याच्या पुढच्या. जाताना तिने तीन मुली ओढून नेल्या. एकीचा हात कोपरातून उलटा वळला आणि ती किंचाळायला लागली. ओपल किंचाळली नाही. ती जिन्याच्या तळाशी येऊन थांबली तेव्हा तिची मान अशी पडली होती, जशी जिवंत माणसाची पडत नाही.

गाणं चालूच होतं.

"कॅमेरा थांबवू नका!" ब्रेनर ओरडला. "नाचा! हसा! जिथे पडल्यात तिथलं कॅमेऱ्यात दिसत नाही!"

आणि ऐका, बहुतेक मुली नाचत राहिल्या. इतक्या महिन्यांचा मार होता तो. त्या ओपलला वळसा घालून खाली येत होत्या, दात दाखवत होत्या, पायांनी ताल धरत होत्या. ज्या थांबल्या त्यांच्याकडे ब्रेनर धावला. मी एकीच्या पाठीत बसले, एकीच्या कानशिलावर. इनेझ खाली बसून ओपलचं डोकं मांडीवर घेत होती. तिचे पांढरे हातमोजे कोपरापर्यंत लाल झाले होते.

"ऊठ!" ब्रेनरने मला तिच्यावर उगारलं. "ऊठ आणि हस!"

इनेझने मला वरच्यावर पकडलं.

दोघांनी मला ओढलं. त्याचा हात घामेजलेला होता, तिचा रक्ताने चिकट झालेला. चिकट हात जिंकला. तिने पहिला फटका त्याच्या मनगटावर घातला आणि मोठ्याने म्हणाली, "पाच!" दुसरा खांद्यावर. "सहा!" "सात"ला तिने मला दोन्ही हातांनी त्याच्या गुडघ्यावर आणलं. वाटी फुटली. मला ती आतून फुटलेली कळली, ओल्या कवडीसारखी. तो खाली पडला, तरी ती थांबेना. आठ, आणि पुन्हा पाच, आणि पुन्हा सहा. त्याचा जबडा सरकला. त्याच्या तोंडातून फेस आला. चार दिवेवाल्यांनी मिळून तिला मागे खेचलं, तेव्हा कुठे गाणं संपलं. ते बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

ओपल दवाखान्यात पोचण्याआधीच गेली. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या की निष्काळजीपणामुळे एक नर्तकी पाय घसरून मेली. इनेझबद्दल मात्र पान भरून आलं. ओपलच्या मातीला तिला कुणी जाऊ दिलं नाही. ती तेव्हा कोठडीत होती.

मी कोर्टात गेले. माझ्या गळ्यात कागदाची चिठ्ठी बांधली होती. ब्रेनर चाकांच्या खुर्चीतून आला, पायाला प्लास्टर, छातीवर रेशमी रुमाल.

"ही काठी फक्त ताल देण्यासाठी," तो न्यायाधीशांना म्हणाला. "मी कधी कुठल्या मुलीला बोटही लावलेलं नाही."

एका परीने खरंच होतं. बोट त्याने लावलं नव्हतं.

इनेझचा वकील सगळ्या मुलींच्या दारात जाऊन आला होता. साक्षीला अकरा आल्या. बाकीच्यांना मी दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच असतं. त्या अकरा जणी एका ओळीत उभ्या राहिल्या आणि वकिलाने पाण्याची परात आणि टॉवेल मागवला. त्या सकाळीही त्यांनी सवयीने पाय रंगवले होते. त्या खाली वाकल्या आणि सगळ्यांसमोर पाय धुऊ लागल्या.

परातीतलं पाणी दुधाळ झालं. खालून पाय वर आले. जांभळे, पिवळे, शेवाळासारखे हिरवे. एकीच्या मांडीवर गोल डाग होता, काळपट, मधे खोलगट. वकिलाने मला उचललं आणि माझं लोखंडी टोक त्या डागावर अलगद टेकवलं. ते बरोबर बसलं.

 लाकडाला लाज वाटते का? मला वाटली.

शेवटी एलायजा आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. त्याने राळेच्या पुडीची गोष्ट सांगितली आणि ओठ वर उचलून दोन दातांची जागा दाखवली.

"मग तेव्हाच तक्रार का केली नाहीस?" ब्रेनरच्या वकिलाने दरडावलं.

"कुणाकडे साहेब?" एलायजा म्हणाला.

तरी निकाल लागायचा तसा लागला. मारलं ते मारलं. फक्त काही वर्षांऐवजी इनेझला नव्वद दिवसांची कैद झाली. ब्रेनरवर खटला नाही. तो पुढे दुसऱ्या एका स्टुडिओत लंगडत लंगडत नाच बसवू लागला. त्या अकरा मुलींना पुन्हा कुठल्या फाटकाने आत घेतलं नाही. एलायजा उत्तरेला बंदरावर हमाली करायला गेल्याचं इनेझला कुणीतरी सांगितलं. त्याहून जास्त मला ठाऊक नाही.

चित्रपट आला आणि तो जिन्यावरचा नाच लोकांनी डोक्यावर घेतला. ओपल पडते तो क्षण कापून त्या जागी नायिकेचा हसरा चेहरा डकवला होता.

माझ्यावर कुणी हक्क सांगितला नाही, म्हणून वकिलाने मला इनेझकडे दिलं. सुटल्यावर तिने बॉईल हाइट्समध्ये एका बेकरीच्या माडीवर मुलींसाठी नाचाचा वर्ग काढला. दर मंगळवारी आणि गुरुवारी खालून पावांचा वास यायचा, वर मी जमिनीवर टोले द्यायचे. फक्त जमिनीवर. अशी बारा-तेरा वर्षं गेली. मला वाटलं, सुटले बाई मी.

लुपे नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. चुणचुणीत, पण ताल सोडायची. शहरातल्या मोठ्या स्पर्धेला चार दिवस उरले होते. तिसऱ्यांदा तिचा पाय मागे पडला आणि इनेझ मोजत मोजत तिच्याकडे चालत गेली. पाच. सहा.

मी लुपेच्या नडगीवर बसले.

लुपे हसली. डोळे भरलेले, आणि दात दाखवून हसली. कारण काहीही झालं तरी हसायचं, हे तिला तिच्या बाईंनीच शिकवलं होतं.

इनेझचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा जिन्याच्या तळाशीही पाहिला नव्हता. ती मटकन खाली बसली. मग तिने मला लुपेपुढे धरलं.

"घे. मार मला."

"नको, बाई."

"मार म्हणते ना! जोरात मार. जिथे तुला लागलं तिथेच मार!"

लुपेने मला हातात घेतलं.  बाकीच्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"ही मी घरी नेते," लुपे म्हणाली. "तुम्हाला परत नाही देणार."

आणि लंगडत माडी उतरली. पुढच्या मंगळवारी ती वर्गाला गेली, माझ्याशिवाय. घरी येऊन तिने आईला सांगितलं, "बाई आता हातांनी टाळ्या वाजवून ताल देतात. तळवे लालबुंद होतात त्यांचे. पण नाही थांबत."

तेव्हापासून मी लुपेच्या घरी आहे, स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मागे. माझ्या टोकाचं लोखंड गंजून गेलंय. फ्रीजखाली काही गेलं की घरच्यांना मी आठवते, एरवी नाही. इनेझ आठ वर्षांपूर्वी वारली. शेवटी शेवटी ती याच स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि लुपेला सगळं सांगायची, कॉफी गार होईपर्यंत.

लुपे आता आजी झाली आहे. सणासुदीला सगळं घर टीव्हीभोवती जमतं आणि तो जिन्याचा नाच लागतो. सगळ्यांचा आवडता. परवा ईस्टरला लुपेची सात वर्षांची नात त्यावर नाचत होती. नाचता नाचता थांबली.

"आजी, इथे एकदम त्या बाईचं तोंडच का दाखवतात? पाय का नाही दाखवत?"

लुपेने चित्रफीत थांबवली. थोडी मागे घेतली.

"ये, इथे बस माझ्याजवळ," ती म्हणाली. "ही दुसरी रांग. डावीकडून चौथी, उंच आहे बघ सगळ्यांत. तिचं नाव ओपल हेन्ड्रिक्स."

मग तिने सगळं सांगितलं. मी मारलेलंही सांगितलं. पोर रडली नाही. म्हणाली, "परत लाव. मला ओपलला बघायचंय." आणि या वेळी तिने नायिकेकडे पाहिलंच नाही.

मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. ते नाच बघणं सोडू नका. मुली फार सुंदर नाचल्या होत्या, इतक्या सुंदर, की मी आजही विसरू शकत नाही. टाळ्या वाजवा. पण एकदा मागच्या रांगांकडेही बघा, आणि त्यातल्या कुणाचं नाव ठाऊक असेल तर शेजारच्याला सांगा. मला कुणी विचारलं नाही तरी चालेल. मी फ्रीजच्या मागे बरी आहे.